दोनदा थोपटायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

जगात युद्धं चालू आहेत, नद्या आटताहेत आणि आमच्या हॉलच्या दारामागची खुंटी कोणीतरी काढून नेली आहे. पहिल्या दोन गोष्टींची दखल घ्यायला मोठमोठी माणसं बसली आहेत. तिसरीची दखल घ्यायला मी एकटी. अकरा वर्षं त्या खुंटीला मी पंचा आणि पिशवी अडकवली. पितळी होती, किंचित डावीकडे कललेली, बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर. आता तिथे दोन भोकं उरली आहेत आणि ती माझ्याकडे डोळे वटारून बघतात. पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली तर तीनदा खाली आली. चौथ्यांदा मी तिला येऊ दिलं. इतकी वर्षं माझ्या हातात आहे, पडायचं कसं हे तिला तरी यायला हवं.

नव्या तुकडीत सहा जण आले. एक विमा विकणारा गृहस्थ, चाळिशीचा, पोट पुढे आणि मत त्याच्याही पुढे. मी शिकवते ती गादीवरची पकडींची झुंज, ब्राझिलियन जिऊ-जित्सू, म्हणजे काय हे त्याने मलाच समजावून सांगितलं, मोबाइलवर बघून. मी ऐकून घेतलं. मग सगळ्यांना गादीवर आडवं केलं आणि नेहमीचा पहिला धडा दिला: समोरच्याची पकड बसली, हात किंवा गळा सुटत नाही असं कळलं, की त्याच्या अंगावर नाहीतर गादीवर दोनदा थोपटायचं. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. पहिला आठवडा फक्त हेच. थोपटणं, सोडणं आणि पडणं.

"म्हणजे हार मानायची?" विमावाला म्हणाला.

"हो."

"हरायला शिकवायची फी घेता तुम्ही?"

"जिंकायला घरोघरी फुकट शिकवतात. परिणाम रस्त्यावर दिसतोच आहे."

बाकीचे हसले. तो नाही हसला. पण गेलाही नाही. टिकेल असं वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जुन्यांचा वर्ग. शेवटी सहा-सहा मिनिटांच्या लढती. मी नर्सबरोबर खेळले. चौतीस वर्षांची आहे, सरकारी दवाखान्यात काम करते, चार वर्षं माझ्याकडे येते. दिवसभर माणसांना या खाटेवरून त्या खाटेवर हलवायचं, त्यामुळे अंगाचं वजन कुठे असतं हे तिला माझ्याआधी कळतं. बोलत मात्र नाही. "हो बाई" आणि "नाही बाई" एवढ्यावर तिचा संसार चालतो.

ती पाठीवर आडवी, मी तिच्या दोन पायांच्या मध्ये गुडघ्यांवर होते. तिने माझा उजवा हात छातीशी धरला, कंबर फिरवली, एक पाय माझ्या मानेवरून टाकला आणि मी पाठीवर. माझा कोपर तिच्या कमरेवर सरळ झाला. या पकडीत दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट भिडलेले लागतात, नाहीतर हात सुटतो. मी म्हटलं, "थांब! सगळ्यांनी इकडे बघा. हिचे गुडघे सैल राहिलेत." मग तिथल्या तिथे ते कसे जुळवायचे हे पाच मिनिटं समजावलं. धडा उपयुक्त झाला. वर्गात एक सुतार आहे, त्याने तर दोनदा करून बघितला.

नर्स उठली, पट्टा आवळला, म्हणाली, "हो बाई."

घरी कोपर जरा सुजला होता. आमचे हे पाण्याची मीटरं वाचायला दारोदार फिरतात, त्यामुळे कुठे गळती आहे हे त्यांना लांबून कळतं. म्हणाले, "काय झालं?"

"दाराला आपटला."

"कुठल्या दाराला?"

दैनंदिनीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते: गुडघे थोडे तरी सैल असणारच.

१० फेब्रुवारी, सोमवार

खुंटीचा खून कोणी केला ते कळलं. दोन भोकांवर आज एक भलामोठा फलक लागला आहे. त्यावर एक सिंह आणि सिंहापेक्षा जास्त दात असलेला एक तरुण. "तीन महिन्यांत पट्टा. हमखास!" त्याचं नाव वाचलं, पण माझ्या लेखी तो सिंहसरच.

संध्याकाळी नणंद घरी आली. ती इमारतीच्या समितीची चिटणीस आहे आणि हॉल समितीचा आहे. तिला मी वन्सं म्हणते. आता कोणी म्हणत नाही, पण तिला ते आवडत नाही म्हणून मी चालू ठेवलं आहे.

"वहिनी, रागावू नका हं," तिने सुरुवात केली. या वाक्यानंतर आजवर कधी कोणी चांगली बातमी दिलेली नाही. सिंहसर हॉलला रंग देणार, गार हवेचं यंत्र बसवणार, दर तीन महिन्यांनी पट्टे वाटपाचा समारंभ करणार आणि समारंभाला समितीचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे. शेवटच्या कलमावर अध्यक्ष विरघळले असणार. तरी वन्संनी भांडून एवढं मिळवलं की तेवीस तारखेला रविवारी दोघांनीही सभासदांपुढे आपापलं शिकवणं दाखवायचं, मग समिती मत देणार. हरले तर आठवडाभरात गाद्या उचलायच्या.

"तुमच्याकडे चार वर्षं येणाऱ्यांचे पट्टे अजून निळे. लोकांना वाटतं काही शिकवतच नाहीत."

"पट्टा म्हणजे वाढदिवस नव्हे वन्सं, की वर्ष सरलं की आलाच."

"मग रविवारी निदान काहीतरी फोडून तरी दाखवा."

"काय फोडू?"

"विटा. कौलं. ते लोक फोडतात तसं."

"इमारतीच्या समितीपुढे विटा फोडू?"

आमचे हे आत जाऊन हसले. वन्सं चहा न संपवता उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मी तुमच्याच बाजूने आहे. पण बाजू घ्यायला काहीतरी हातात द्या ना."

देणार नाही. अकरा वर्षांत मी पट्टे दिले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांना दिले त्यांना कोणी रस्त्यात खाली पाडलं तर ते उठून घरी येतील. हॉल गेला तर जाऊ दे. तिघांनी फलक वाचून आजच वर्ग सोडला. त्यांनाही जाऊ दे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हायचं ते झालं. विमावाल्याला सुताराबरोबर दिलं होतं. सुताराचे हात म्हणजे शिकंजे, पण माणूस लोण्यासारखा. त्याने सावकाश पकड लावली आणि वाट बघत बसला. विमावाला लालबुंद झाला, जांभळा झाला, पण थोपटेना. मी ओरडले, "थोपट! हात तुझा आहे!" तो दात आवळून म्हणाला, "सुटेल." सुतार घाबरून सोडणार, तेवढ्यात यानेच हिसका मारला. टक् असा आवाज आला. सगळ्या हॉलने तो ऐकला.

हाड शाबूत आहे. स्नायू ताणला. नर्सने बर्फ लावून पट्टी बांधली. मी उभी राहून भाषण केलं. कोपराला अब्रू कळत नाही, त्याला फक्त किती वाकायचं ते कळतं. थोपटणारा उद्या पुन्हा येतो, न थोपटणारा महिनाभर घरी बसतो. या खोलीत हरण्याइतकं स्वस्त दुसरं काही मिळत नाही, आणि तेही तुम्हाला परवडत नाही? चांगलं झालं भाषण. बोलता बोलता मलाच पटत गेलं.

विमावाला पट्टी बघत म्हणाला, "बाई, तुम्ही शेवटचं कधी थोपटलंत?"

त्याने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. म्हणून जास्त राग आला.

"तुझ्या वयाची असताना रोज," मी म्हटलं. सगळे हसले.

नर्स पट्टीला गाठ मारत होती. ती हसली नाही. पण ती एरवीही हसत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नर्सला सध्या सुताराबरोबर देते आहे. तिचा फायदा एकट्या मीच का घ्यायचा? इतरांनाही शिकायला मिळालं पाहिजे.

सकाळी डबा भरताना आमचे हे म्हणाले, "तुझा कोपर बरा झाला की नाही?"

"झाला. कधीकधी दुखतो."

"कधीकधी म्हणजे बुधवारी?"

या माणसाला मीटर सोडून दुसरं काही वाचता येत नाही अशी माझी समजूत होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रविवारचं ठरवलं. मी आणि नर्स. सहा मिनिटांची एक लढत. आधी वाटलं होतं, बसवून घ्यावी. ती मला खाली पाडेल, मी सुटेन, तिची पकड येईल, मी उलटवेन, शेवटी मी जिंकेन. वन्संचा फोनही आला होता: "वहिनी, शेवटी तुम्हीच वर दिसायला हव्यात हं, लोक तेवढंच बघतात."

वर्ग संपल्यावर नर्सला बोलावलं. ती बादली घेऊन गाद्या पुसत होती.

"रविवारी खरं खेळायचं बाई, की बसवलेलं?"

"बसवलेलं," मी म्हटलं.

"हो बाई." फडकं पिळलं. पुन्हा पुसायला लागली. एक गादी झाली, दुसरी झाली. तिच्या पाठीकडे बघताना माझं डोकं फिरलं. तिकडे सिंहसर बसवलेलं दाखवणार, इकडे मी बसवलेलं दाखवणार. मग फरक काय? त्याला दात जास्त आहेत एवढाच.

"नको," मी म्हटलं. "खरं खेळायचं."

ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग माझे गुडघे आता नीट जुळतात का, ते बघाल? गेल्या वेळी सैल राहिले होते ना."

"बघते ना."

अभ्यासू मुलगी आहे. चूक दाखवली की विसरत नाही.

(ती अभ्यासूपणानेच बोलली असणार. दुसरं काय असेल?)

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोपर दुखतो. आज बुधवार नाही, हे नोंदवून ठेवते.

भीती वाटते आहे. हॉल जाण्याची असेल असं दुपारपर्यंत वाटत होतं. पण हॉलचा विचार केला की फक्त संताप येतो. भीती आहे ती दुसऱ्याच कशाची.

२३ फेब्रुवारी, रविवार

शंभरेक माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागचे उभे होते.

आधी सिंहसर. संगीत, आरोळ्या, चकचकीत पोशाख. सहा जणांनी सहा फळ्या फोडल्या. सुतार माझ्या शेजारी उभा होता. तो कुजबुजला, "बाई, ती खोक्याची फळी आहे. ती शिंकेनेसुद्धा मोडते." शेवटी सिंहसरांनी अध्यक्षांना पुढे बोलावून मानाचा पट्टा बांधला. अध्यक्षांनी आयुष्यात जिन्याशिवाय कशाशी झुंज दिलेली नाही. पट्टा त्यांच्या पोटाला पुरेना, तरी त्यांचे डोळे पाणावले. तिथेच मत पडलं हे मला कळलं. बरं झालं कळलं ते. गमवायचं काही उरलं नाही की मान आपोआप ताठ होते.

मी पुढे गेले. म्हटलं, "आम्ही काही फोडत नाही. सहा मिनिटं बघा." बसलो, हात मिळवले, सुरुवात केली.

पहिली दोन मिनिटं माझी होती, हे नम्रपणे लिहिते. तिला दोनदा खाली दाबून ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला तिने मला दोन पायांच्या मध्ये घेतलं. चौथ्या मिनिटाला माझा उजवा हात तिच्या छातीशी गेला आणि पुढचं सगळं मला आधीच माहीत होतं, पाठ असलेल्या धड्यासारखं. कंबर फिरली. पाय मानेवरून आला. छत दिसलं. कोपर सरळ झाला. तिने हिसका दिला नाही. सावकाश ताणत राहिली आणि वाट बघत राहिली. मीच तसं शिकवलं आहे.

माझ्या जिभेवर शब्द आला होता. "थांब! सगळ्यांनी इकडे बघा." अर्धा आलाही असेल. लोक बघतच होते. मी मान वळवून तिचे गुडघे पाहिले. दोन्ही एकमेकांना असे भिडले होते की मध्ये कागदही गेला नसता.

आणि ते पाच तारखेलाही तसेच होते.

मी थोपटलं. दोनदा, गादीवर, तळहाताने. मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला. तिने तत्क्षणी सोडलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे… बाई हरल्या?"

"हो," मी उठून म्हटलं. "आणि हा माझा हात. वाकतो, फिरतो, उद्या पोळपाटावर चालेल आणि परवा पुन्हा गादीवर. मी हे शिकवते. माझी विद्यार्थिनी मला हरवू शकते. यापेक्षा वेगळा निकाल माझ्याकडे नाही. फळ्या मोडायच्या असतील तर सरांकडे जा, तिथे रंगही नवा आहे."

कोणीतरी हसलं. टाळ्या नाहीत. मग उभ्या असलेल्यांतून विमावाला ओरडला, "मी थोपटलं नाही म्हणून नऊ दिवस डाव्या हाताने जेवतोय! लिहून घ्या हवं तर!"

समितीने मत दिलं. सात विरुद्ध दोन. सात त्यांना.

जिन्यात वन्सं भेटल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "दोनातलं एक कोणाचं ते विचारू नका. आणि मला जिन्यात वन्सं म्हणू नका."

"बरं, वन्सं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सिंहसरांचा फोन. गोड आवाज. म्हणाले, लहान मुलांची तुकडी तुम्ही घ्या, आमच्याच नावाखाली, दर तीन महिन्यांनी पट्टे तेवढे द्यायचे.

मी म्हटलं, "मी तुमच्याकडे येते. आधी तुम्ही माझ्याकडे पहिला आठवडा करा. थोपटणं, सोडणं, पडणं."

त्यांना वाटलं मी गंमत करते. फोन त्यांनीच ठेवला.

२ मार्च, रविवार

चोवीस गाद्या, बारा माणसं, दोन फेऱ्या. सुताराने आपली कार्यशाळा सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी सहानंतर द्यायचं ठरवलं आहे. रंधा आणि करवतीची यंत्रं भिंतीला लावून वर ताडपत्री घातली, मधली जागा मोकळी केली. लाकडाचा भुसा कितीही झाडला तरी उरतोच. आता आम्ही घरी जाताना सगळे पॉलिश न केलेल्या कपाटांसारखे दिसणार.

विमावाल्याने एका हाताने गाद्या वाहिल्या आणि दोन्ही हातांच्या सूचना केल्या.

वन्सं आल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. उघडलं तर खुंटी! पितळी, डावीकडे कललेली.

"समितीच्या खणात पडली होती," त्या म्हणाल्या. "चोरलीय मी. चिटणीस असून."

सुताराने ती दारामागे ठोकली. सरळ करू का म्हणाला. मी म्हटलं, "हात लावशील तर बघ."

१० मार्च, सोमवार

नवी तुकडी. चारच जण. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, पट्टा कधी मिळतो? मी म्हटलं, "माहीत नाही. थोपटायला मात्र आजच मिळेल."

मी जरा लवकर गेले होते. नर्स त्याच्याही आधी येऊन गाद्या पुसत होती. ड्यूटीवरून तशीच आली होती, केसांत अजून पांढरी टोपी बसल्याची खूण. मी पिशवी खुंटीला लावली, दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी बसून पुसायला लागले. दोन गाद्या झाल्या. तेवीस फेब्रुवारीला सगळ्यांसमोर थोपटलं ते त्या दिवसाचं होतं. त्याआधीचं एक राहिलं होतं.

"पाच फेब्रुवारीचं एक बाकी आहे," मी म्हटलं.

"कशाचं बाई?"

मी फडकं खाली ठेवलं आणि तिच्या दंडावर दोनदा थोपटलं.

मी म्हटलं, "तुझे गुडघे तेव्हाही जुळलेले होते."

"माहितीये बाई," ती म्हणाली, आणि फडकं पिळून बादली माझ्याकडे सरकवली.